संस्थापक तत्त्वांवरून प्रकल्पात फूट पडत असेल तर मतदान कधी आणि कसं घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण साठ सदस्यांचा एक स्वयंसेवी मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा सोर्स कोड कोणीही वाचू, बदलू आणि वाटू शकतो असं) प्रकल्प आहे. त्याच्या सनदेत ‘आम्ही जे वितरित करू ते सर्व मुक्तच असेल’ असं कलम आहे. नव्या लॅपटॉपांवर वायफाय चालायला बंदिस्त फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं, सोर्स न दिलेलं सॉफ्टवेअर) लागतं, म्हणून एका गटाला इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे प्रणाली बसवणाऱ्या प्रोग्रामात, ते टाकायचं आहे. दुसरा गट याला मूळ तत्त्वांशी प्रतारणा म्हणतो. वाद अनेक महिने चाललाय आणि दोन मेंटेनरांनी (सॉफ्टवेअरचे भाग सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी) काम थांबवलंय. मतदान घेऊन विषय संपवावा का?

घ्या, पण आज नको. आज घेतलंत तर निकाल लागेल, वाद संपणार नाही. उलट ‘मतदानच बेकायदा होतं’ हा नवा वाद सुरू होईल आणि तो जुन्यापेक्षा कडू असतो, कारण त्यात तत्त्वांऐवजी माणसं सापडतात. अशा भांडणांत तत्त्व काय म्हणतं यावर फारसं काही अडत नाही. अडतं ते तीन जागी: सनदेचा अर्थ लावायचा अधिकार कोणाचा, निर्णयाचं काम कोणाच्या अंगावर पडणार, आणि मतपत्रिकेवर कुठल्या पर्यायापुढे किती बहुमताची अट लिहिली जाणार. ही तिन्ही उत्तरं मतदानाआधी लेखी हवीत.

हा नेमका वाद, म्हणजे फर्मवेअरचा, डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पात 2004 ते 2022 अशी अठरा वर्षं चालला. सगळी कागदपत्रं जाहीर आहेत, म्हणून उदाहरणं बहुतेक तिथलीच घेतो.

अर्थ लावणारा कोण, यापासून सुरुवात करू. डेबियनची सुरुवात 1993 च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी केली. सामाजिक करार (तुमच्या सनदेसारखा तत्त्वांचा दस्तऐवज) आणि त्याच्यासोबतची मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वं जुलै 1997 मध्ये स्वीकारली गेली, मसुद्याचं काम ब्रूस पेरेन्स यांच्या पुढाकाराने झालं. प्रकल्पाची घटना आली डिसेंबर 1998 मध्ये. म्हणजे आधी तत्त्वं लिहिली, मग कारभाराचे नियम. हा क्रम बहुतेक प्रकल्पांत असाच असतो आणि पुढच्या बऱ्याच कटकटी इथूनच उगवतात. घटनेत ठराव कसा मांडायचा हे होतं, पण सामाजिक करारच बदलायचा झाला तर काय, हे स्पष्ट नव्हतं. काहींचं म्हणणं साध्या बहुमताने बदलता येतो, काहींचं म्हणणं तो बदलताच येत नाही. ऑक्टोबर 2003 मध्ये घटनादुरुस्ती करून हे मिटवलं: सामाजिक करार आणि मार्गदर्शक तत्त्वं यांना ‘पायाभूत दस्तऐवज’ असा वेगळा दर्जा दिला आणि ते बदलायला 3:1 बहुमत (विरोधाच्या किमान तिप्पट पाठिंबा) लागेल असं ठरवलं. करार लिहिल्यापासून सहा वर्षांनी.

एक भोक मात्र तसंच राहिलं. घटनेचा अर्थ लावायचा अधिकार घटनेनुसार सचिवाचा आहे. सामाजिक कराराचा अर्थ कोणी लावायचा, याबद्दल घटना काही बोलत नाही. रोजच्या व्यवहारात ते काम संग्रहाचे राखणदार, म्हणजे एफटीपी-मास्टर, करतात, कारण नवं पॅकेज (वितरणात घ्यायचा प्रोग्राम) आलं की त्याचा परवाना वाचून आत घ्यायचं की परत पाठवायचं हे तेच ठरवतात. शांततेच्या काळात एवढी सोय पुरते. वाद पेटला की पुरत नाही.

2008 च्या अखेरीस तो पेटलाच. ‘लेनी’ ही आवृत्ती बाहेर काढायची होती आणि लिनक्स कर्नेलमध्ये (कार्यप्रणालीच्या गाभ्यात) अजून काही ड्रायव्हरांत सोर्स नसलेलं फर्मवेअर होतं. मतपत्रिकेवर अनेक पर्याय आले. त्यांतले काही पर्याय पायाभूत दस्तऐवजाला छेद देतात, म्हणून त्यांना 3:1 लागेल, असं तेव्हाच्या सचिवांनी ठरवलं. विरोधकांचं म्हणणं असं की एक आवृत्ती सोडायचा निर्णय म्हणजे करारात बदल नव्हे. आणि बदल आहे की नाही हे ठरवणं म्हणजेच कराराचा अर्थ लावणं, तो अधिकार सचिवाला दिलाय कुणी? शिवाय वेगवेगळ्या प्रश्नांवरचे प्रस्ताव एकाच मतपत्रिकेत कोंबले, ही तक्रार होतीच. मतदान चालू असतानाच सचिवांनी राजीनामा दिला, मतदान पार पडलं, आणि ‘लेनी’ 14 फेब्रुवारी 2009 ला बाहेर आली. सचिवाचा हेतू वाईट होता असं अजिबात नाही. नियमातली रिकामी जागा कोणीतरी भरणं भाग होतं, आणि जो भरेल त्याच्यावर पक्षपाताचा ठपका येणारच होता.

म्हणून तुमचं पहिलं काम: सनदेचा अर्थ लावणारी व्यक्ती किंवा तीन-पाच जणांची समिती ठरवा, आणि ती फर्मवेअरच्या वादाचं नाव न काढता ठरवा. आधी फक्त एवढाच ठराव: ‘सनदेच्या अर्थाबद्दल वाद झाल्यास अमुक समिती चौदा दिवसांत लेखी निर्णय देईल, तो निर्णय सर्वसाधारण ठरावाने साध्या बहुमताने फिरवता येईल.’ मतपत्रिका बनवणारा माणूस आणि अर्थ लावणारा माणूस एकच ठेवू नका. आणि हो, संस्थापकाला ‘मूळ हेतू काय होता’ विचारायला जाऊ नका. तो सांगेल ते एका सदस्याचं मत म्हणून ऐका, त्यापेक्षा जास्त वजन देऊ नका. दस्तऐवज सगळ्यांनी मान्य केला तेव्हाच तो एकट्याचा राहिला नाही.

आता कामाचा भार. डेबियनच्या घटनेत अगदी सुरुवातीला एक कलम आहे, जे मला सगळ्या दस्तऐवजातलं सर्वांत शहाणं वाटतं. त्याचा आशय असा: ही घटना कोणावरही काम करायची सक्ती करत नाही; नेमून दिलेलं काम करायचं नसेल तर माणूस नाही म्हणू शकतो; मात्र नियमाप्रमाणे झालेल्या निर्णयांविरुद्ध त्याने सक्रियपणे काम करू नये. पगार नसलेल्या ठिकाणी याहून वेगळा नियम चालतही नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की बहुमताने ‘सगळं बंदिस्त फर्मवेअर काढून टाका’ असं ठरलं आणि ते काढायला कोणी बसलं नाही, तर त्या ठरावाची किंमत शून्य. उलट दिशेनेही तेच. ‘फर्मवेअर घाला’ ठरलं, पण इन्स्टॉलरचा मेंटेनर हात लावणार नसेल, तर दुसरं माणूस शोधावं लागेल. त्याच्यावर कारवाई करता येत नाही. त्याने दुसऱ्याचा पॅच (कोडमधला बदल) अडवला, तर मात्र येते. ‘न करणं’ आणि ‘अडवणं’ यांतली ही रेघ सनदेत नसेल तर लगेच लिहून घ्या. तुमच्या त्या दोन मेंटेनरांच्या बाबतीत आत्ता कामाला येणारी गोष्ट हीच आहे.

भार आधी न मोजल्याने काय होतं, ते 2004 मध्ये दिसलं. त्या वर्षी डेबियनमध्ये सामाजिक करारात ‘संपादकीय दुरुस्त्या’ करायचा ठराव आला. मथळ्यावरून वाटावं की भाषा साफसूफ करतायत. प्रत्यक्षात पहिल्या कलमातला ‘शंभर टक्के मुक्त सॉफ्टवेअर’ हा उल्लेख बदलून डेबियन शंभर टक्के मुक्त राहील, असं झालं. म्हणजे दस्तऐवजीकरण, फाँट, चित्रं, फर्मवेअर, सगळंच त्या निकषाखाली आलं. ठराव 3:1 ने पार झाला आणि 26 एप्रिल 2004 ला करार बदलला. त्यानंतर रिलीज मॅनेजरने (आवृत्ती बाहेर काढायचं काम पाहणाऱ्याने) सांगितलं की नवा मजकूर जसाच्या तसा लावला तर ‘सार्ज’ ही आवृत्ती, जी आधीच रखडलेली होती, ती आणखी पुढे जाणार. मग धावपळ. दुसरा ठराव आला, त्यात सहा-सात वेगवेगळे पर्याय, आणि शेवटी बदलाची अंमलबजावणी सार्ज निघेपर्यंत पुढे ढकलली गेली. सार्ज निघाली जून 2005 मध्ये.

ठराव चूक होता का? माझ्या मते नव्हता. ज्यांना फर्मवेअर आणि कोड यांत फरक करायचा नव्हता त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. चूक एवढीच की मत देणाऱ्यांसमोर परिणामांची यादी नव्हती, आणि ठरावाच्या नावाने ती शोधायची गरजही वाटू दिली नाही. म्हणून प्रत्येक प्रस्तावासोबत एक पानाचं परिणामपत्रक सक्तीचं करा. त्यात पाच गोष्टी: हा पर्याय जिंकला तर कुठली पॅकेजं जातात किंवा येतात (नावांसकट), कुठली दस्तऐवजं, वेबपानं, बिल्ड स्क्रिप्ट बदलावी लागतील, ते काम कोण करणार (नाव, आणि त्या माणसाचा होकार), पुढची आवृत्ती किती पुढे जाईल, याबद्दल रिलीज मॅनेजरचं मत, आणि सध्याच्या वापरकर्त्याला अपग्रेड करताना काय करावं लागेल. ‘काम कोण करणार’ ही ओळ रिकामी असली तरी प्रस्ताव बाद करू नका, फक्त ती रिकामी ओळ मतपत्रिकेवर छापा. तेवढं पुरतं.

वापरकर्त्याची ओळही हलक्यात घेऊ नका. 2006 मध्ये डेबियनने ठरवलं की जीएनयू मुक्त दस्तऐवजीकरण परवान्याखालचं लिखाण, त्यात न बदलता येणारे भाग नसतील तरच, मुक्त मानायचं. तर्क पक्का आहे. परिणाम असा की ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर बसवला तर त्याची पुस्तिका सोबत येत नाही, ती नॉन-फ्री (मुक्त नसलेल्या गोष्टींच्या) विभागातल्या वेगळ्या पॅकेजात असते. हे ठाऊक नसलेला माणूस ‘मदत’ उघडतो आणि रिकाम्या हाताने परततो. निर्णय तरीही बरोबर असू शकतो. पण हा धक्का बसणार आहे हे मत देताना समोर असावं.

आता मतपत्रिका. निकाल प्रत्यक्षात इथे ठरतो आणि लोक इथेच सर्वांत कमी लक्ष देतात, म्हणून जरा थांबून आकडे बघू.

डेबियनची पद्धत पसंतीक्रमाची आहे. प्रत्येक मतदार पर्यायांना क्रमांक देतो आणि प्रत्येक जोडीत कोणाला किती जणांनी वर ठेवलं ते मोजतात. एक पर्याय कायम असतो: ‘यापैकी काहीही नाही’. 2022 च्या दुरुस्तीपूर्वी त्याच्या जागी ‘पुढे चर्चा’ असायचं. ज्या पर्यायाला 3:1 लागतं, त्याला ‘यापैकी नाही’च्या वर ठेवणारे हे खाली ठेवणाऱ्यांच्या किमान तिप्पट हवेत. तसं नसेल तर तो पर्याय बाकीच्यांशी तुलना होण्याआधीच गळतो. हे ‘आधीच गळतो’ नीट लक्षात घ्या.

कोरमचं (निर्णय वैध ठरायला लागणाऱ्या किमान पाठिंब्याचं) सूत्र तुम्हाला जसंच्या तसं उचलता येईल. एकूण सदस्यसंख्येच्या वर्गमुळाचं अर्ध, याला क्यू म्हणतात. साठ सदस्यांचं वर्गमूळ 7.75, अर्ध 3.87. प्रस्ताव मांडायला प्रस्तावकाशिवाय क्यू किंवा पाच, यांतलं जे कमी असेल तितके अनुमोदक लागतात: तुमच्याकडे चार. आणि कोणताही पर्याय वैध ठरायला तीन क्यू, म्हणजे 11.6, म्हणून बारा जणांनी तरी त्याला ‘यापैकी नाही’च्या वर ठेवायला हवं. हजार सदस्य असते तर अनुमोदक पाच आणि कोरम अठ्ठेचाळीस आला असता. प्रकल्प वाढला तरी कोरम हळूहळू वाढतो, हे या सूत्राचं बळ. ‘निम्मे सदस्य हजर हवेत’ असली अट स्वयंसेवी प्रकल्पात लावू नका. निम्मे सदस्य वर्षभर झोपलेले असतात आणि मग गैरहजर राहणं हाच नकाराधिकार होऊन बसतो.

आता समजा चाळीस जणांनी मत दिलं आणि पर्याय दोन आहेत. ‘बदल’: सनदेतच दुरुस्ती करून फर्मवेअरला परवानगी, 3:1 आवश्यक. ‘निवेदन’: सनद तशीच ठेवून फक्त जाहीर करायचं की फर्मवेअर टाकणं सनदेशी सुसंगत आहे, साधं बहुमत पुरे. मतं अशी पडली:

वीस जण: बदल, मग निवेदन, मग यापैकी नाही.
सहा जण: बदल, मग यापैकी नाही, मग निवेदन.
तीन जण: निवेदन, मग बदल, मग यापैकी नाही.
अकरा जण: यापैकी नाही, मग निवेदन, मग बदल.

‘बदल’ला ‘यापैकी नाही’च्या वर ठेवणारे एकोणतीस, खाली ठेवणारे अकरा. गुणोत्तर 2.64. तीन हवं होतं, गळला. ‘निवेदन’ला वर ठेवणारे तेवीस, खाली सतरा. साध्या बहुमताने पास, आणि समोर कोणी उरलं नाही म्हणून जिंकला. पण ‘बदल’ आणि ‘निवेदन’ यांच्यात थेट तुलना केली तर सव्वीस विरुद्ध चौदा, लोकांना ‘बदल’ हवा होता! ज्या पर्यायाला जास्त पाठिंबा तो पडला, आणि तोच परिणाम मागच्या दाराने साधणारा पर्याय कमी पाठिंब्यावर निवडून आला. सनदेत अजून ‘सर्व मुक्तच’ लिहिलेलं आहे आणि इन्स्टॉलरमध्ये बंदिस्त फर्मवेअर आहे. ‘निवेदन’लाही 3:1 लावलं असतं तर दोन्ही गळून ‘यापैकी नाही’ जिंकलं असतं. म्हणजे त्याच चाळीस लोकांची तीच मतं, पण एका रकान्यात कोणता आकडा लिहिला त्यावरून निकाल उलटा. 2008 ला लोक एवढे का चिडले होते ते यावरून कळेल.

यावर माझा नियम एकच आहे. पर्याय अमलात आल्यावर सनदेतलं ते वाक्य, साध्या वाचकाने साध्या अर्थाने वाचलं तर, तुम्ही जे वितरित करता त्याबद्दल खरं राहतं का? राहत नसेल तर त्या पर्यायाला 3:1, मग त्याने स्वतःला निवेदन म्हणो, अर्थनिर्णय म्हणो की धोरण. एका आवृत्तीपुरती सूट मात्र साध्या बहुमतावर देता यावी, पण ती आवृत्तीच्या नावासकट लिहिलेली असावी आणि तीच सूट पुन्हा मागितली तर 3:1. हा शेवटचा तुकडा लोक कापायला बघतात. कापू देऊ नका. डेबियनमध्ये सार्जला मुभा, मग 2006 मध्ये ‘एच’ (Etch) या आवृत्तीला मुभा, मग लेनीला मुभा, असं सलग तीन आवृत्त्यांना झालं. प्रत्येक वेळी सगळ्यांना वाटलं, हे शेवटचं.

गंमत म्हणजे कोंडी मतदानाने फुटलीच नाही, आधी कोडने फुटली. पूर्वी फर्मवेअर म्हणजे ड्रायव्हरच्या सी फाईलमध्ये षोडशमान आकड्यांची एक लांबलचक सारणी असायची, वर जीपीएल या मुक्त परवान्याची नोंद आणि सोर्सचा पत्ता नाही. कर्नेलमधल्या लोकांनी हळूहळू या सारण्या बाहेर काढून फर्मवेअर वेगळ्या फाईलमधून लोड होईल अशी सोय केली. मग डेबियनला त्या फाईली नॉन-फ्री विभागात वेगळ्या पॅकेजात ठेवता आल्या, आणि फेब्रुवारी 2011 च्या ‘स्क्वीझ’मध्ये कर्नेल पूर्ण मुक्त झालं. तुमच्याकडेही आधी हे तपासा: तत्त्वाचा वाटणारा प्रश्न पॅकेजचं विभाजन करून निम्मा सुटतो का? ज्या दोन गोष्टी तांत्रिकदृष्ट्या एकत्र गुंफलेल्या आहेत, त्यांच्यावर लोक नैतिक वाद घालत बसतात, कारण वेगळं करायचं काम कंटाळवाणं असतं.

निम्माच सुटतो, हेही खरं. कर्नेल स्वच्छ झालं, पण इथरनेटचं (तारेने नेट जोडायचं) छिद्र नसलेले लॅपटॉप आले आणि वायफायचं फर्मवेअर नाही म्हणून इन्स्टॉलर नेटवर्कपर्यंत पोचेना. फर्मवेअरसकट इन्स्टॉलरच्या अनधिकृत इमेज (उतरवून घ्यायच्या फाईली) होत्या, पण त्या सहज सापडत नसत. दृष्टिहीन वापरकर्त्यांची अडचण आणखी मोठी: आवाजाच्या चिपला फर्मवेअर लागत असेल तर बोलणारा इन्स्टॉलर गप्प. कराराचं चौथं कलम ‘आमचे वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना आमचं प्राधान्य’ असं आहे, त्यामुळे दोन्ही बाजू तेच कलम पुढे करत. (सनद लिहिताना एका वाक्यात दोन प्राधान्यं ठेवली तर ती दोन्ही पक्षांची ढाल होते. तुमच्या सनदेत असं वाक्य असेल तर ते या वादात निर्णायक म्हणून वापरायचंच नाही, असं आधी ठरवून टाका.)

शेवटी 2022 मध्ये इन्स्टॉलरमधल्या फर्मवेअरवर मतदान झालं, त्यात ‘यापैकी नाही’ धरून सात पर्याय होते. जिंकला तो पाचवा: सामाजिक करार बदला, आणि फर्मवेअरसकट एकच अधिकृत इन्स्टॉलर ठेवा. करारात एका वाक्याची भर पडली, की ज्या हार्डवेअरला लागतं त्यासाठी अधिकृत माध्यमांत डेबियनचा भाग नसलेलं फर्मवेअर असू शकतं. सोबतच्या ठरावात अटी होत्या: कोणतं फर्मवेअर लोड झालं हे वापरकर्त्याला सांगायचं, आणि ते बंद करायची सोय बूट करतानाच द्यायची. जून 2023 च्या ‘बुकवर्म’मध्ये नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा विभाग आला. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करणाऱ्याला सोर्सेस-लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) हा विभाग हाताने जोडावा लागतो, नाहीतर त्याच्या फर्मवेअरला पुढे अद्ययावत आवृत्त्या मिळत नाहीत. परिणामपत्रकात असल्याच ओळी लिहायच्या असतात.

हा निकाल टिकला, कारण त्यात कुठेही लपवाछपवी नव्हती. करार बदलायचा होता, तर बदला असं म्हटलं, जास्तीची अट स्वीकारली आणि ती पार केली. हरलेल्यांनाही ‘आम्हाला फसवलं’ म्हणता आलं नाही. तुमच्या पर्यायाचा मसुदा साधारण असा ठेवता येईल:

‘सनदेच्या अमुक कलमात पुढील वाक्य जोडावे: हार्डवेअर चालू होण्यासाठी आवश्यक असलेले, मुख्य प्रोसेसरवर न चालणारे फर्मवेअर प्रकल्पाच्या इन्स्टॉलरमध्ये असू शकेल; ते प्रकल्पाच्या मुक्त संग्रहाचा भाग मानले जाणार नाही. इन्स्टॉलर लोड केलेल्या प्रत्येक फर्मवेअर फाईलचे नाव व परवाना दाखवेल आणि ते नाकारण्याचा पर्याय पहिल्या पडद्यावर देईल. आवश्यक बहुमत 3:1.’

‘मुख्य प्रोसेसरवर न चालणारे’ हे शब्द घातलेत ते मुद्दाम. ते नसतील तर पुढच्या वर्षी बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हरवाले याच वाक्याचा हात धरून आत येतील. विरोधी गटालाही त्यांचा पर्याय याच ताकदीने लिहू द्या, आणि त्यांचा मसुदा तुम्ही लिहून देऊ नका. दुसऱ्याने लिहिलेला विरोधी पर्याय नेहमी जरा पडेलच असतो.

वेळापत्रकाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. डेबियनचं सध्याचं माप चांगलं आहे: चर्चा किमान दोन, कमाल तीन आठवडे, मग मतदान दोन आठवडे. कमाल मर्यादा महत्त्वाची; ती नसताना शेवटच्या क्षणी नवा पर्याय आणून घड्याळ परत मागे फिरवता येत असे. आवृत्ती गोठवलेली (प्रकाशनाआधी नवे बदल थांबवलेले) असताना असलं मतदान लावू नका, बस.

मत गुप्त असावं का? डेबियनमध्ये 2022 पर्यंत प्रमुखाची निवडणूक गुप्त असायची, पण ठरावांवर कोणी कसं मत दिलं ते नावासकट छापलं जायचं. 2021 मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन मुक्त सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मंडळावर परतल्याबद्दल जाहीर भूमिका घ्यायची का, यावर मतदान झालं (निकाल: निवेदन काढायचं नाही), तेव्हा नावं जाहीर होण्याने त्रास होईल ही भीती उघडपणे बोलली गेली. मार्च 2022 मध्ये घटना बदलून सगळीच मतं गुप्त केली. प्रत्येकाला एक गुप्त खूण मिळते, जाहीर यादीत नावाऐवजी तिच्यापासून काढलेला हॅश (गणिताने काढलेली अक्षरमाळ, जिच्यावरून मूळ खूण कळत नाही) असतो, त्यामुळे आपलं मत मोजलं गेलं का हे तपासता येतं. साठ जणांच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या गटात तर मी गुप्तच ठेवेन.

शेवटी हरलेल्यांचं काय? काही जण जातील. 2014 मध्ये सिस्टमडीच्या (संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या) वादात डेबियनच्या तांत्रिक समितीची मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. त्याच नोव्हेंबरच्या सर्वसाधारण ठरावात ‘अशा ठरावाची गरजच नाही’ हा पर्याय जिंकला. तोवर समितीतले आणि बाहेरचे काही जुने लोक बाजूला झाले होते, आणि डेव्हुआन नावाचा फोर्क (मूळ कोड घेऊन काढलेला वेगळा प्रकल्प) जाहीर झाला. त्याची पहिली स्थिर आवृत्ती यायला मे 2017 उजाडला, आणि तेही बहुतेक पॅकेजं डेबियनचीच जशीच्या तशी घेऊन. फोर्कची धमकी कोणी दिली तर ही अडीच वर्षं त्याच्यासमोर ठेवा, धमकावून नव्हे, हिशेब म्हणून.

पण फोर्क नेहमीच कमकुवत बाजूचा असतो असं समजू नका. फेब्रुवारी 2004 मध्ये एक्सफ्री86 ने (पडद्यावर खिडक्या आणि चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने) 4.4 आवृत्तीसाठी परवाना बदलला. वितरणांनी तो नाकारला आणि बदलाच्या आधीच्या कोडवरून एप्रिलमध्ये एक्स.ऑर्गची आवृत्ती आली. थोड्याच काळात सगळे तिकडे गेले आणि मूळ प्रकल्प ओस पडला. कोड ज्यांच्या हातून वापरकर्त्यांपर्यंत पोचतो ते ज्या बाजूला, ती बाजू टिकते. 2010 मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून बाहेर पडलेल्यांना नाव मात्र नेता आलं नाही, ते ओरॅकल कंपनीकडे होतं, म्हणून लिब्रेऑफिस.

तेव्हा मतदान लावण्याआधी अजून एक यादी करा: डोमेन कोणाच्या नावावर आहे, ट्रेडमार्क आणि पैसे कोणाकडे (डेबियनचे सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट या वेगळ्या ना-नफा संस्थेकडे असतात), पॅकेजवर सही करायच्या किल्ल्या कोणाकोणाकडे, बिल्ड सर्व्हरचा (पॅकेजं तयार करणाऱ्या संगणकाचा) रूट, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड किती जणांना माहीत. यांतली एकही गोष्ट वादातल्या एकाच गटातल्या एकाच माणसाकडे असेल तर मतदान पुढे ढकला आणि ती आधी दोघा-तिघांत वाटा. आणि काम थांबवलेल्या त्या दोन मेंटेनरांना आजच पत्र लिहा: त्यांची पॅकेजं निकाल लागेपर्यंत सह-मेंटेनर सांभाळतील, त्यांचे अधिकार काढले जाणार नाहीत, मत देण्याचा हक्क शाबूत आहे, आणि निकालानंतर परत यायचं की पॅकेजं सोडायची हे त्यांनी तीस दिवसांत कळवावं.